भिंतीवरचा टॅब आणि घराचे नियंत्रण: खान्देशातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना टॅब किंवा कपाटात पडून असलेला संगणक भिंतीवर लावावा आणि त्यावरून दिवे, पंखे, कूलर, पाण्याची मोटर व दारावरचा कॅमेरा चालवावा, अशी इच्छा जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक घरांत आता बोलून दाखवली जाते. या विषयावर उपलब्ध असलेली बहुतेक माहिती थंड हवेच्या आणि अखंड वीज असलेल्या देशांना समोर ठेवून लिहिलेली आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वळवाच्या पहिल्या पावसाबरोबर वीजही जाते. त्यामुळे पुढील उत्तरांत उष्णता आणि वीजपुरवठा या दोन गोष्टींना मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

घर टॅब चालवतो का?

नाही, आणि पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून असल्याने ती आधी नीट समजून घ्यावी. घर चालवते ते घरातच एका कोपऱ्यात ठेवलेले लहानसे यंत्र, ज्याला आपण हब म्हणतो. त्यावर होम असिस्टंट किंवा ओपनहॅब यांसारखी प्रणाली चालते. होम असिस्टंट ही पाउलस स्काउटसेन यांनी २०१३ साली सुरू केलेली, पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेली मुक्तस्रोत प्रणाली असून ती घरातल्या जाळ्यात ८१२३ या पोर्टवर, म्हणजे हबच्या त्या क्रमांकाच्या दारावर, एक वेबपान उपलब्ध करून देते. टॅबचे काम ते पान दाखवणे आणि आपण दाबलेले बटण हबपर्यंत पोहोचवणे, एवढेच असते. त्यामुळे टॅब बंद पडला, चोरीला गेला किंवा फुटला, तरी संध्याकाळी अंगणातला दिवा वेळेवर लागला पाहिजे. आपल्या घरात तसे होत नसेल, तर मांडणी चुकली आहे असे समजावे.

याच कारणाने भिंतीवरची साधी बटणे काढून टाकू नयेत. घरी आलेल्या पाहुण्याला किंवा रात्री उठलेल्या आजोबांना दिवा लावण्यासाठी टॅब शोधावा लागणे ही सोय नव्हे.

तयार टच पॅनेल मिळत असताना टॅब का लावावा?

क्रेस्ट्रॉन, कंट्रोलफोर यांसारख्या कंपन्यांची पॅनेले चोवीस तास भिंतीवर राहण्यासाठीच बनवलेली असतात. त्यांपैकी बहुतेकांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते. नव्या बंगल्याचे काम चालू असेल, हाताशी अनुभवी सल्लागार असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर ती जरूर घ्यावीत. मात्र त्यांच्यात एखादे बटण वाढवायचे झाले तरी बहुधा विक्रेत्याच्या माणसाला बोलवावे लागते, आणि तो माणूस पुणे किंवा मुंबईहून यायचा असेल तर लहानसा बदलही महिनाभर लांबतो. टॅबचे पान घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी रविवारी दुपारी बदलू शकते. माझ्या मते आपल्या भागात टॅब निवडण्याचे सर्वांत सबळ कारण किमतीपेक्षा हे आहे.

कोणता जुना टॅब चालेल?

दहा इंची पडदा, किमान २ जीबी रॅम आणि शक्य तितके नवे अँड्रॉइड असावे. जुन्या टॅबची खरी अडचण वेगापेक्षा ब्राउझरची असते, कारण ठरावीक काळानंतर जुन्या अँड्रॉइडसाठी क्रोमच्या नव्या आवृत्त्या येणे थांबते आणि मग नियंत्रणाचे पान अर्धवट उघडते किंवा कोरेच राहते. याखेरीज, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सुरक्षा प्रमाणपत्रे (संकेतस्थळ खरे असल्याची ब्राउझरला पटणारी खूण) ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेली होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या टॅबमध्ये नवे मूळ प्रमाणपत्र नसते. अशा टॅबवर घरातल्या जाळ्यातले साधे पान उघडेल. बाहेरच्या सुरक्षित पत्त्यावरचे पान मात्र इशारा देऊन अडेल.

टॅब निवडताना तो टेबलावर पालथा ठेवून पाठ सपाट आहे का ते पाहावे. पाठ फुगलेली असेल, टॅब डुगडुगत असेल किंवा पडद्याची एक कड चौकटीपासून उचललेली दिसत असेल, तर तो कितीही वेगवान असला तरी भिंतीवर लावू नये.

उन्हाळ्यात टॅब टिकतो का? कोठे लावावा?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि तो योग्यच आहे. आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, असे ॲपल स्वतः सांगते. बंद ठेवलेल्या आयपॅडसाठीही वरची मर्यादा ४५ अंशांची आहे. भुसावळ किंवा जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, ही मर्यादा आयपॅड सुरू करण्याआधीच ओलांडलेली असते. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे मानले जाते, कारण उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन गोष्टी एकत्र आल्या की बॅटरी झपाट्याने क्षीण होते आणि तिच्यात वायू साठून ती फुगते.

म्हणून जागेची निवड हे अर्धे काम आहे. पश्चिमेची भिंत पूर्णपणे टाळावी. दिवसभर तापलेली वीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि भिंतीला टेकलेला टॅब ती पाठीवर घेतो; दुपारी चारच्या सुमारास अशा भिंतीला तळहात लावून पाहिला, तर वेगळ्या मोजमापाची गरज उरत नाही. घराच्या आतली, दोन्ही बाजूंनी सावलीत असलेली, तळमजल्यावरची भिंत सर्वांत चांगली. धाब्याचे जुने घर असेल, तर मातीच्या छपराखालची मधली खोली या कामासाठी स्लॅबच्या नव्या घरापेक्षा सरस ठरते. गॅसच्या ओट्यामागची भिंत घेऊ नये. कूलरच्या थेट झोताची जागाही घेऊ नये. तेथे गारवा जाणवतो हे खरे, परंतु त्या ओलसर हवेने चार्जिंगचे तोंड गंजते.

पुढची गोष्ट म्हणजे बसवण्याची पद्धत. टॅब भिंतीत खोदलेल्या बंद खाचेत बसवला की दिसायला देखणा दिसतो, पण त्याच्या पाठीमागची हवा कोंडते. चौकट भिंतीपासून बोटभर पुढे असावी आणि तिच्या खालच्या व वरच्या कडेला फटी असाव्यात, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. रबरी कव्हर काढून टाकावे आणि पडद्याची प्रखरता गरजेपुरतीच ठेवावी.

शेवटचा उपाय फुकटचा आहे आणि खान्देशात त्याचा उपयोग फार होतो: चार्जिंगची वेळ बदलणे. होम असिस्टंटचे अँड्रॉइडवरचे ॲप बॅटरीचे तापमान हबला कळवू शकते. त्यावरून असा नियम करता येतो की एप्रिल ते जून या काळात टॅब पहाटे चार ते सात या वेळातच चार्ज व्हावा, बॅटरी ४० अंशांवर गेली की चार्जिंग थांबावे आणि पडदा मंद व्हावा, आणि त्याहूनही वर गेली तर घरातल्या मोबाईलवर सूचना यावी.

टॅब कायम चार्जिंगला लावून ठेवला तर चालतो ना?

चालतो, पण लवकर खराब होतो. बॅटरी सतत १०० टक्क्यांवर राहणे तिला सोसत नाही. चार्जर एका स्मार्ट प्लगमध्ये लावावा आणि बॅटरी ४० टक्क्यांच्या खाली गेली की प्लग सुरू, ८० टक्क्यांच्या वर गेली की बंद, असा नियम हबवर करावा. काही कंपन्यांच्या टॅबमध्ये चार्जची मर्यादा ठरवण्याची सोय आतच असते. ती असल्यास प्लगची गरज नाही. वरचा पहाटेचा नियम लावलेल्या घरांत दिवसभर पडदा बहुतांश वेळ बंद राहिला, तरच एकदाची चार्जिंग पुरते. बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली गेली आणि तापमान मर्यादेत असेल, तर वेळ कोणतीही असो, थोडे चार्जिंग होऊ द्यावे.

बॅटरी काढून थेट वीज दिली तर?

बरेच टॅब बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत. जे होतात त्यांच्यासाठी सुटी वीज जोडणे हे सराईत दुरुस्तीकाराचे काम आहे. घरी करू नये. फुगलेली बॅटरी दाबू, टोचू किंवा घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी.

लाईट गेल्यावर काय होते?

टॅबची स्वतःची बॅटरी असल्याने तो सुरू राहतो, आणि नेमके त्यामुळेच लोक फसतात: पडदा उजळलेला असतो, बटणेही दिसतात, पण दाबून काही होत नाही. राउटर, हब आणि ज्या उपकरणाला आज्ञा द्यायची ते उपकरण, ही साखळी जेथे वीज नाही तेथे तुटते. म्हणून राउटर आणि हब इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. वीजपुरवठा इन्व्हर्टरवर जाताना क्षणभराचा खंड पडतो आणि तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, असा अनुभव येत असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर (खंड न जाणवता बदल करणाऱ्या स्थितीत) ठेवावा, किंवा राउटरला १२ व्होल्टचा लहान यूपीएस द्यावा.

हब रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालत असेल, तर मेमरी कार्डाऐवजी एसएसडी ही अधिक टिकाऊ साठवण वापरावी. वीज वारंवार अचानक गेली की लिहिण्याचे काम अर्धवट राहून कार्ड बिघडते आणि त्यासोबत सारी मांडणी जाते. मांडणीची प्रत आठवड्यातून एकदा आपोआप दुसरीकडे साठवली जाईल, अशी सोय करावी.

वीज परत आल्यावर प्रत्येक उपकरणाने कोणत्या स्थितीत जागे व्हावे, हे बहुतेक स्मार्ट स्विचमध्ये ठरवता येते. दिव्यांसाठी आधीची स्थिती ठीक आहे. मोटर आणि गीझर यांच्यासाठी मात्र ती कायम बंद ठेवावी. शेतीपंपांना ऑटोस्विच लावू नयेत असे आवाहन महावितरण वेळोवेळी करत आले आहे, कारण वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर ताण येतो. घरच्या मोटरीलाही तोच विचार लागू आहे.

पाण्याची मोटर टॅबवरून चालवता येते का?

येते, परंतु स्वस्तातला १० अँपिअरचा रिले (हबच्या आज्ञेने चालू-बंद होणारा लहान स्विच) मोटरीच्या वायरमध्ये थेट घालू नये. १ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण ५ ते ६ अँपिअर घेते. सुरू होतानाच्या क्षणी मात्र ती याच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या धक्क्याने रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात आणि मग टॅबवर मोटर बंद दिसत असताना ती प्रत्यक्षात चालूच राहते. टाकी भरून वाहते, किंवा बोअर आटलेली असेल तर मोटर कोरडी फिरून जळते. योग्य रीत अशी की रिलेने फक्त काँटॅक्टरची (मोठा प्रवाह झेलणाऱ्या विद्युत स्विचची) कॉइल चालवावी आणि मोटरीचा भार काँटॅक्टरने घ्यावा. जादा भार आल्यास मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले आणि थ्री फेज असल्यास एखादा फेज गेल्यावर मोटर थांबवणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आहेत तसेच ठेवावेत. टाकीच्या वरच्या पातळीचा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून मोटर बंद करणारा) टॅबवर वा हबवर अवलंबून नसावा, तो स्टार्टरलाच जोडलेला असावा.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागायतदारांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घरच्या टॅबवरून विहिरीवरची मोटर चालेल का? घरचे वाय-फाय मळ्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तेथे सिमकार्डवर चालणारा मोबाईल स्टार्टरच ठेवावा. विहिरीवर मोबाईलचे जाळे चांगले असेल, तर एमक्यूटीटी या संदेशपद्धतीने मोटरीची स्थिती, तीनही फेज आणि पाण्याची पातळी घरच्या पडद्यावर आणता येते. ही पद्धत १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी दूरवरच्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केली होती, त्यामुळे तुटक आणि क्षीण जोडणीवर ती चांगले काम करते. मला वाटते, रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरणाऱ्या माणसाला अंधारात मळ्यात न जाता वीज आली की नाही हे घरात कळणे, हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

भिंतीवरच्या टॅबपर्यंत वीज कशी न्यावी?

लांबून ५ व्होल्टची वायर ओढू नये. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटर नेली आणि टॅबने २ अँपिअर घेतले, तर जाऊन-येऊन २० मीटर वायरीत सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात, टॅबला ४.३ व्होल्टच मिळतात आणि तो चार्जिंगची खूण दाखवत असूनही बॅटरी उतरत राहते. यूएसबीच्या बारीक वायरीत हा तोटा कितीतरी अधिक असतो. त्यामुळे टॅबच्या जवळच २३० व्होल्टचा पॉइंट काढून चार्जर तेथे लावावा, किंवा १२ व्होल्ट नेऊन टॅबपाशी ते ५ व्होल्टवर आणावेत. नवे बांधकाम असेल तर त्या जागेपर्यंत नेटवर्कची केबल टाकून ठेवावी. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे तिच्यातून उपकरणाला १२.९५ वॅटपर्यंत वीज मिळते, जी साध्या टॅबला पुरेशी आहे.

नेटवर्कची केबल आणि २३० व्होल्टची वायर एकाच पाइपातून नेऊ नयेत. वायरमनला हे आधी सांगावे, कारण चिरा पाडून झाल्यावर सांगितले की भिंत पुन्हा फोडावी लागते. स्मार्ट स्विच बसवणार असाल तर प्रत्येक बोर्डात न्यूट्रल (विजेची परतीची वायर) आहे का तेही त्याच वेळी पाहून घ्यावे. जुन्या घरांच्या बोर्डांत तो बहुधा नसतो.

जुन्या वाड्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय येत नाही. काय करावे?

२.४ गिगाहर्ट्झची लहर ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतीतून अधिक आत जाते, म्हणून टॅब तिच्यावर जोडावा. तरीही येत नसेल, तर मधल्या चौकापर्यंत केबल नेऊन तेथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे यंत्र) लावावा. टॅबला आणि हबला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवावा.

मुले टॅबवर व्हिडिओ पाहत बसू नयेत यासाठी काय करावे?

टॅब एकाच ॲपवर अडकवून ठेवण्यासाठी आयपॅडवर गाईडेड ॲक्सेस आणि अँड्रॉइडवर स्क्रीन पिनिंग या सोयी आतच असतात. अँड्रॉइडसाठी फुली किऑस्क ब्राउझर हे ॲप अधिक सोयीचे आहे. ते एकच पान पूर्ण पडद्यावर धरून ठेवते, टॅब सुरू होताच आपोआप उघडते आणि हबच्या सांगण्यावरून पडदा चालू-बंद करते. त्याला अँड्रॉइडच्या बॅटरी बचतीतून वगळावे, अन्यथा काही तासांनी वाय-फाय झोपते.

पडदा रात्रभर चालू ठेवावा का?

ठेवू नये. समोर माणूस आल्यावर पडदा उजळावा यासाठी टॅबच्या कॅमेऱ्याचा वापर करता येतो. पण त्यात प्रोसेसर सतत राबतो आणि टॅब तापतो, म्हणून आपल्या हवेत माणसाची हालचाल ओळखणारा वेगळा पीआयआर सेन्सर बरा. ओएलईडी पडदा एकाच चित्रावर कायम ठेवल्यास त्याचा ठसा उमटतो. या कामाला एलसीडी अधिक योग्य आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे वापरता येईल का?

येईल, जर पान त्यांच्यासाठी बनवले असेल. पहिल्या पानावर सहा-आठ मोठी बटणे पुरेशी आहेत. आलेख, टक्केवारी आणि सेन्सरांच्या याद्या मागच्या पानावर ठेवाव्यात. बटणांची नावे देवनागरीत आणि घरात त्या जागेला जे म्हणतात तीच द्यावीत: ओसरी, मागची मोरी, गच्ची, गोठा. घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलली जात असेल, तर तिच्यातलीच नावे लिहावीत. प्रणालीला त्याने काहीही फरक पडत नाही.

स्वयंपाकघरात एक अडचण विशेष येते. कळण्याच्या पिठाने माखलेले किंवा ओले बोट हे पडदे नीट ओळखत नाहीत. एक तर बटण दाबलेच जात नाही, नाही तर शेजारचे दाबले जाते. भाकरी थापणाऱ्या बाईला पडदा पुसत बसावे लागले तर ती दुसऱ्या दिवशी त्याकडे वळणार नाही. ओट्याजवळ मोटर बंद करण्यासाठी एक साधे, खरोखर दाबले जाणारे झिगबी (कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) बटण लावावे आणि टॅब दाराजवळ ठेवावा. टॅबची उंची ठरवताना घरातल्या सर्वांत ठेंगण्या मोठ्या माणसाला उभे करून त्याच्या डोळ्यांच्या पातळीला खूण करावी.

टॅबऐवजी संगणक वापरला तर?

टच पडद्याचा ऑल-इन-वन संगणक किंवा लहान संगणकाला जोडलेला टच मॉनिटर यांचा मोठा फायदा म्हणजे त्यांना बॅटरी नसते, त्यामुळे फुगण्याची चिंता नाही. वीज मात्र अधिक लागते आणि इन्व्हर्टरवर त्यांचा भार जाणवतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तो संगणक विंडोज ११ घेत नसेल तर त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकून क्रोमियम हा ब्राउझर किऑस्क मोडमध्ये (एकच पान पूर्ण पडद्यावर धरून) उघडावा. रास्पबेरी पायचा २०१५ साली आलेला सात इंची पडदा ८०० × ४८० बिंदूंचा आहे. एका खोलीच्या चार-सहा बटणांना तो पुरतो, कॅमेऱ्याच्या चित्राला अपुरा पडतो.

हे सुरक्षित आहे का?

भिंतीवरचा टॅब म्हणजे घराच्या मध्यभागी कायम उघडा असलेला कॅमेरा आणि मायक्रोफोन आहे, हे विसरू नये. जुना टॅब आधी पूर्ण कोरा करावा, त्यावर घरातल्या कोणाचेही ईमेल किंवा बँकेचे खाते ठेवू नये, कॅमेऱ्यावर पट्टी लावावी आणि हबवर टॅबसाठी प्रशासक नसलेले वेगळे खाते काढावे. दाराचे कुलूप उघडण्याचे बटण टॅबवर ठेवायचेच असेल तर त्याला पिन लावावा. बाहेरगावाहून घर पाहता यावे म्हणून राउटरवर ८१२३ पोर्ट उघडे करून देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्याऐवजी वायरगार्डसारखे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याचा कुलूपबंद मार्ग, वापरावे.

भाड्याच्या घरात हे करता येईल का?

करता येईल. टेबलावरच्या स्टँडवर टॅब, प्लगमध्ये लागणारे स्मार्ट सॉकेट आणि बॅटरीवरचे सेन्सर एवढ्यावर भिंतीला हात न लावता सुरुवात होते. बोर्डातले स्विच बदलायचे असतील तर घरमालकांना विचारून, एमसीबी बंद करून, वायरमनकडूनच बदलून घ्यावेत, आणि काढलेले जुने स्विच घर सोडताना परत बसवण्यासाठी जपून ठेवावेत.